घरच्या जेलसाठी बफर कोणता: खायचा सोडा, बोरेट, टीएई की टीबीई?

घरी जेल रन करायचं, म्हणजे जेलमधून करंट सोडून डीएनएचे तुकडे किंवा रंग वेगळे करायचे, असं ठरलं की डबा, इलेक्ट्रोड, बॅटऱ्या सगळं जमतं आणि गाडी बफरवर, म्हणजे जेल बुडवायच्या पीएच सांभाळणाऱ्या पाण्यावर, अडते, कारण जिथे बघावं तिथे टीएई (ट्रिस, ॲसिटेट, ईडीटीए) नाहीतर टीबीई (ट्रिस, बोरेट, ईडीटीए), आणि दोन्हीत ट्रिस हे पीएच सांभाळणारं रसायन लागतं, तेच महाग पडतं.

आधी एक गोष्ट, मिठाचं पाणी नको. करंट जातो पण नको तेवढा जातो, जेल तापतं, पीएच सांभाळणारं त्यात काहीच नाही आणि प्लस टोकाला क्लोरीन वायू निघतो, घरात तर अजिबात नको.

खायचा सोडा, लिटरला साधारण 2 ग्रॅम, फूड कलर वेगळे करून बघायला मस्त आहे. डीएनएला मात्र मला कमी वाटतो. रन चालू असताना मायनस टोकाचं पाणी अल्कलाइन होत जातं आणि प्लसचं ॲसिडिक, हे सावरणं हेच बफरचं काम आणि एवढ्या पातळ सोड्याची तेवढी ताकद नसते. अर्ध्या तासाने दोन्ही टोकांना पीएच पट्टी बुडवून बघा, कळेल. ब्रोमोफिनॉल ब्लू (सॅम्पलमध्ये घालतात तो रंग) निळ्याचा पिवळा व्हायला लागला तर तिथला पीएच 4.6 च्या खाली गेलाय, रन थांबवा.

माझं मत सोडियम बोरेटला. ब्रॉडी आणि कर्न यांनी 2004 मध्ये हा बफर मांडला तेव्हा मुद्दा हाच होता की ट्रिस काढून टाकलं तर करंट कमी वाहतो, उष्णता कमी होते आणि व्होल्टेज वाढवता येतं. मूळ कृतीत कॉस्टिक सोडा आहे, पण घरी तो हाताळण्यापेक्षा बोरॅक्स बरा: 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 19 ग्रॅम बोरॅक्स आणि 11 ग्रॅम बोरिक ॲसिड, हा झाला दहापट स्टॉक, वापरताना एकाला नऊ भाग पाणी घालायचं, पीएच 8.5 ते 9 च्या मध्ये येतो. दहापट अशासाठी की साध्या वजनकाट्यावर 19 ग्रॅम नीट मोजता येतात, 1.9 मोजताना चूक मोठी होते. बोरॅक्स शुद्ध घ्या, वासाची कपडे धुवायची पावडर नको. आणि बोरेट पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून हातमोजे घाला आणि स्वयंपाकाची भांडी यात आणू नका.

व्होल्टेज वाढवता येतं म्हणून वाढवायलाच हवं असं नाही हां. 9 व्होल्टच्या पाच बॅटऱ्या जोडल्या की 45 होतात, इलेक्ट्रोडमध्ये 10 सेंमी अंतर असेल तर सेंमीला 4.5 व्होल्ट, घरी एवढं पुरतं. यापेक्षा जास्तीचा सप्लाय वापरणार असाल तर झाकण उघडलं की करंट तुटेल अशीच सोय हवी.

टीबीई लहान तुकड्यांना, म्हणजे 1000 बेसपेअरच्या (डीएनएची लांबी मोजायचं एकक) आतल्यांना छान, पण त्यात ट्रिसही आलं आणि बोरिक ॲसिडही, शिवाय दहापट स्टॉक ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो. बोरेट असताना मला त्याची गरज वाटत नाही.

टीएई वेगळं आहे. बँड, म्हणजे जेलमधला डीएनएचा पट्टा, कापून डीएनए बाहेर काढायचा आणि पुढे लायगेशन (एन्झाइमने तुकडे जोडणं) करायचं असेल, किंवा तुकडे मोठे असतील, तर ट्रिसचा खर्च करा, कारण बोरेट मागे राहिलं तर एन्झाइमच्या कामात अडथळा येऊ शकतो. फक्त लांब रनमध्ये टीएई लवकर थकतं, मध्येच दोन्ही टोकांचं बफर एकत्र ढवळून परत भरा.

कुठलाही घ्या, जेल ओतताना तोच बफर वापरा, साध्या पाण्यात अगारोज (जेलची पावडर) विरघळवलं तर बँड धड सरकतच नाहीत.