आर्केड कॅबिनेटला पेंट, सनमायका की व्हिनाइल? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आर्केड कॅबिनेट म्हणजे उभं राहून व्हिडिओ गेम खेळायचं मोठं खोकं. निकाल आधीच सांगून टाकतो. बाजूंना मॅट सनमायका, कंट्रोल पॅनलवर (जिथे बटणं असतात ती फळी) छापील चित्र आणि त्यावर पॉलिकार्बोनेट, म्हणजे न तडकणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकची शीट, स्क्रीनभोवती एकदम मॅट काळा रंग. एकच फिनिश सगळीकडे मारायच्या भानगडीत पडू नका, कारण बाजूंना धक्के बसतात, पॅनलला घामट हात लागतात आणि स्क्रीनच्या चौकटीला कुणी हातही लावत नाही, तिथे त्रास फक्त उजेडाचा.

पेंट सगळ्यांना सोपा वाटतो आणि सपाट भागावर तो सोपा आहेही, पण एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) कापलेली कड म्हणजे टीपकागद, जितका रंग द्याल तितका पिऊन टाकते. त्यात पाण्याचा प्रायमर लावला की तंतू फुगून उभे राहतात आणि हात फिरवला की खरखर लागते, म्हणून ऑइल बेस किंवा शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर, मग 220 चा पॉलिश पेपर, परत प्रायमर, मग 320, एवढं केल्यावर कुठे रंगाला हात घालायचा. ग्लॉसी तर नकोच, प्रत्येक खड्डा उठून दिसतो. फोम रोलरने सॅटिनचे, म्हणजे मंद चमकेच्या रंगाचे, पातळ कोट मस्त बसतात. फक्त घाई नको, रंग हाताला सुका लागला तरी पक्का व्हायला काही आठवडे जातात आणि तोवर काही टेकवून ठेवलं की वण राहतो.

सनमायका मात्र मनापासून आवडला. बूट लागू दे, खुर्ची घासू दे, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. रबर बेस अॅडेसिव्ह दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच शीट ठेवायची, एकदा टेकली की हलत नाही, म्हणून मध्ये पातळ पट्ट्या ठेवून एकेक काढत मधून कडेकडे दाबत जायचं. जास्तीची कड राऊटरला (लाकूड कोरायच्या मशीनला) ट्रिमर बिट, म्हणजे कड छाटायचं पातं, लावून उडवायची. आणि आतल्या बाजूलाही पातळ लायनर (साधी पातळ शीट) लावाच, एकाच बाजूला शीट असली की मोठी फळी हळूहळू वाकते.

आता यातली खरी मजा. फळीच्या कडेतल्या खाचेत जी प्लॅस्टिकची टी-आकाराची पट्टी, म्हणजे टी-मोल्डिंग, बसते ती बहुतेक पाऊण इंची, म्हणजे साधारण 19 मिमी. नुसत्या 18 मिमी फळीवर ती किंचित बाहेर येते आणि बोटाला टोचत राहते. पण 18 मिमी फळी, बाहेरून 0.8 मिमीची सनमायका शीट आणि आत पातळ लायनर, की जाडी जवळजवळ तिच्याएवढीच होते आणि कड बोटाखालून सरळ निघून जाते!! फक्त मोल्डिंगची खाच शीट लावल्यानंतर मारायची, आधी मारली तर ती मधोमध राहीलच असं नाही.

व्हिनाइल, म्हणजे स्टिकरसारखी चिकटवायची प्लॅस्टिक शीट, तिच्याबद्दल थोडक्यात. साइड आर्टला सुंदर दिसतं, पण कच्च्या एमडीएफवर टिकत नाही, खाली गुळगुळीत सील केलेला पृष्ठभाग हवाच. सनमायकाची शीट गुळगुळीत असेल तर तीही चालते, दाणेदार टेक्श्चर असेल तर कडा सुटतात.

कंट्रोल पॅनलवर नुसतं व्हिनाइल अजिबात नको, मनगट टेकतं तिथे ते आधी झिजतं. वर 3 मिमी शीट हवी, आणि तीही पॉलिकार्बोनेटची. अॅक्रिलिक जास्त चकचकीत दिसतं आणि त्यावर ओरखडेही कमी उठतात, पण बटणांची भोकं पाडताना ते तडकतं. पॉलिकार्बोनेट तडकत नाही, त्यात मॅट फिनिशचं घेतलंत तर ओरखडे नजरेत भरत नाहीत. एक लक्षात ठेवा, 18 मिमी फळी अधिक ही शीट एवढ्या जाडीत 30 मिमीची स्नॅप-इन बटणं (नुसती दाबून खटकन बसवायची) अडकत नाहीत, ती पातळ पॅनलसाठीच असतात. लांब आट्यांची, मागून नट आवळायची बटणं घ्या आणि भोकांचं माप ती हातात आल्यावरच ठरवा.

राहिली स्क्रीनची चौकट. इथे सनमायका नको, मॅट म्हणून विकलेली शीटसुद्धा तिरक्या कोनातून चमकते आणि गेम चालू असताना रंगांची झाक कडेला दिसत राहते. स्प्रेचा मॅट काळा इथे सगळ्यात भारी, धक्के लागत नसल्यामुळे पेंटचा कमकुवतपणाही इथे आड येत नाही. चौकट पक्की करण्याआधी मॉनिटर चालू करा, खोलीतला दिवा लावा, खेळायला उभे राहता तिथून बघा, आणि कुठे चमक दिसली तर अजून एक कोट मारा.