मेकॅनिकल व्हॉल्व्ह: 14 महिने वापरल्यानंतर

लहानपणीच्या रुमॅटिक तापाने माझ्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) आवळत गेला होता. संभाजीनगरला ऑपरेशन होऊन दोन पाकळ्यांचा मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसला. आता परभणीला घरी आहे. दम लागायचा थांबला, गिरणीपर्यंत चालत जाते. रात्री लाईट जाऊन पंखा थांबला की छातीतली टिकटिक शेजारी झोपलेल्या लेकीलाही ऐकू येते. त्याची सवय झाली.

सवय न होणारी गोष्ट वेगळीच निघाली. चौथ्या महिन्यात पुन्हा गळून गेल्यासारखं वाटायला लागलं. इथल्या एका दवाखान्यात हिमोग्लोबिन 8.1 निघालं. "बायकांचं असतंच कमी," म्हणत आयर्नच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे सुरू केले. दोन महिने असेच गेले, त्याचा मला आजही राग येतो. मग एक दिवस लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे. शेजारच्या काकू काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देत होत्या. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना असलं काही घेऊ नका, मी घेतलं नाही.

हृदयाच्या डॉक्टरांनी एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक) करायला सांगितलं, ते आलं 940, म्हणजे खूप जास्त. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन धरून ठेवणारं हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नव्हतंच. लॅबमधल्या मॅडमनी माझ्या रक्ताची स्लाइड दाखवली. गोल तांबड्या पेशींमध्ये काही तुटक्या, कोपरे निघालेल्या, काही थेट हेल्मेटसारख्या. 120 दिवस जगायची पेशी माझ्या अंगात आधीच फुटत होती. मला तिथंच रडू आलं.

घशातून केलेल्या इकोत कारण सापडलं. व्हॉल्व्हच्या पाकळ्या ठीक होत्या, पण रिंगच्या टाक्यांशेजारी बारीक फट राहिली होती. ठिबकच्या नळीला भोक पडलं की पिचकारी कशी उडते, तसंच. हृदय आवळताना आत 120 मिलिमीटरचा दाब असतो, मागच्या कप्प्यात जेमतेम 10. फटीतून रक्त सेकंदाला सुमारे 5 मीटर वेगाने मागे उडतं आणि त्या घर्षणात, कडेवर आपटून पेशी फाटतात. व्हॉल्व्ह अगदी नीट बसला तरी बिजागरीतून थोडं रक्त मागे येतंच, तिथं गुठळी धरू नये म्हणून ती जागा धुतली जावी अशी रचनाच असते. तेवढ्याने सहसा रक्त कमी होत नाही.

आता फॉलिक अ‍ॅसिड आणि आयर्न रोज. फुटलेल्या पेशींतलं लोह लघवीवाटे जातं, म्हणजे गोळ्या चुकीच्या नव्हत्या, कारण शोधायचं राहिलं होतं. ठोके सावकाश पडावेत म्हणून वेगळी गोळी आहे. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, 2.5 ते 3.5 ठेवायचा. पालेभाजीचा रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर परिणाम होतो, म्हणून करडईची भाजी मी सोडली नाही, पण दर आठवड्याला सारखीच खाते.

व्हॉल्व्ह बसवलेल्या माझ्या बहिणींनो, हिमोग्लोबिन घसरलं तर एलडीएच आणि स्लाइड मागून घ्या, लघवीचा रंग रोज बघा. माझं हिमोग्लोबिन 10.6 वर आलंय, एलडीएच 520. पुढच्या महिन्यात पुन्हा इको आहे. फट वाढली असेल तर ती बंद करायची ठरलंय.