पिकअपचे ब्रेक बदलून अकरा महिने : आंबेनळी घाट आणि दापोलीची लाल माती

गेल्या वर्षी मे महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होते. प्रतापगड फाटा मागे पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेकचं पेडल मऊ पडलं. तळाला टेकलं नाही, पण रोज जिथे गाडी धरायची त्याच्या दोन बोटं खाली गेलं आणि तरी गाडी धरेना. केबिनमध्ये जळक्या लायनरचा (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीचा) वास भरला. शेजारी सासरे, आमचे आबा, बसले होते. "सूनबाई, डोंगराच्या कडेला घे," एवढंच म्हणाले. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी थांबवली. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. पाऊण तास तिथे बसलो. २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली होती. आमची बाग दापोली तालुक्यातच आहे. त्या पाऊण तासात आम्ही दोघंही त्याच गोष्टीचा विचार करत होतो आणि दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

गाडी डबल कॅब, ४x४, डिझेल पिकअप. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पिकअपना असतात तसेच. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. शोरूममधून आली तेव्हा ती व्यवस्थित थांबायची. नंतर आम्ही तिला लोखंडी बंपर, विंच आणि मागे कॅनपी बसवली, दोन इंच उचलली आणि २४५/७० आर१६ चे टायर काढून २६५/७५ आर१६ चे मड टायर घातले. टायरचा व्यास सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. म्हणजे तेवढीच गाडी थांबवायला ब्रेकला ७ टक्के जास्त जोर लावावा लागतो, शिवाय फिरणाऱ्या चाकाचं वजन वाढलं ते वेगळंच. हे सगळं करताना ब्रेककडे आमच्यापैकी कुणी बघितलंच नाही.

वाईहून बागेला जायचं म्हणजे पसरणी घाट चढायचा, महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर, कशेडी, खेड. महिन्यातून दोन फेऱ्या तरी होतातच. जाताना मागे निंबोळी पेंडीची पोती, फवारणी पंप, रिकामे क्रेट. माणसं धरून गाडी २६०० किलोच्या आसपास जाते. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार जवळपास १२०० मीटरचा. मुलगी अकरावीला आहे, तिच्याकडून हिशेब करून घेतला : एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात ३० अंशांचं शंभर लिटर पाणी उकळीला येईल. इंजिन आणि वारा त्यातला काही भाग घेतात. उरलेली सगळी उष्णता चार चाकांतल्या थोड्याशा लोखंडात जाते. हा आकडा कळल्यापासून मी घाट वेगळ्या तऱ्हेने उतरते.

माझा पहिला विचार सगळ्यांसारखाच होता : पुढे मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे). पुण्यात एका दुकानात किट बघितलंही. ते १६ इंची रिममध्ये मावत नव्हतं. रिम बदला, मग टायर बदला, खर्च लाखाच्या पुढे. तेव्हा महाडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी पुढचं चाक खोललंच नाही. थेट मागे गेले, खाली आडवे झाले आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "ताई, पुढच्या ब्रेकला बोल लावू नका. मागचा झोपलाय, म्हणून पुढचा एकटाच राबतोय."

मागचा ब्रेक झोपण्याची दोन कारणं निघाली. ड्रम उघडला तर आत लाल मातीचा वाळलेला थर. बागेच्या वाटेवर एक पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो. पावसाळ्यात त्यातून गाडी गेली की गढूळ पाणी ड्रममध्ये शिरतं, पाणी सुकतं आणि माती आतच राहते. लायनर झिजेल तसं अंतर आपोआप भरून काढणाऱ्या ॲडजस्टरचं दातेरी चाक त्या मातीनं पूर्ण जाम झालं होतं. पेडलचा निम्मा प्रवास लायनर ड्रमपर्यंत पोचण्यातच जात होता.

दुसरं कारण मला ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांनी पिकअप उचलली आहे त्या प्रत्येकानं हे तपासावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, मिस्त्री त्याला लोड व्हॉल्व्ह म्हणतात. त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला की पाटे दबतात, दांडा वर जातो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आम्ही गाडी दोन इंच उचलली, पण दांड्याचं ब्रॅकेट जुन्याच जागी राहिलं. त्यामुळे मागे चारशे किलो माल असला तरी व्हॉल्व्हच्या हिशेबानं गाडी रिकामीच. वर्षभर मागच्या ब्रेकला अर्धपोटीच दाब मिळत होता. मिस्त्रींनी तिथे गाडी जेवढी उचलली त्या मापाचं ब्रॅकेट बनवून लावलं आणि मालासहित व मालाशिवाय दोन्ही वेळा गाडी चालवून बघितली. त्या ब्रॅकेटचा खर्च ३५० रुपये.

मग बाकीचं काम केलं. मागे नवे लायनर आणि व्हील सिलिंडर, ६५०० रुपये. पुढे मूळ मापाच्याच, पण खाचा असलेल्या डिस्क, जोडी १४,००० ला. सेमी-मेटॅलिक पॅड ५५०० ला. स्टीलची जाळी असलेले ब्रेक होज (ऑइलच्या लवचिक नळ्या) ९००० ला. ब्रेक ऑइल १२०० चं, मजुरी ४०००. ब्रॅकेट धरून एकूण ४०,५५० रुपये.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात, पण मिस्त्रींनी नको म्हणून सांगितलं. चिखलानं भोकं बुजतात आणि वारंवार तापून गार होताना भोकांच्या कडेपासून तडे जातात. खाचांमधून मात्र चिखल आणि पॅडची भुकटी बाहेर फेकली जाते. पऱ्यातून बाहेर आल्यावर पूर्वी दोन-तीन वेळा पेडल दाबल्याशिवाय पुढचा ब्रेक धरत नसे, आता पहिल्या दाबाला धरतो. मागच्या ड्रमची गोष्ट वेगळी. तो ओला झाला की ओलाच. पाण्यातून निघाल्यावर शंभर-दीडशे मीटर ब्रेक हलका दाबून ठेवत चालवायचं, त्याला दुसरा उपाय नाही.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. हे ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. मानकानुसार नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शिरला की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, म्हणून पेडल मऊ पडतं. माझं ऑइल साडेतीन वर्षांचं होतं, त्यातले तीन पावसाळे कोकणातले. बाटलीत काढलं तेव्हा चहाच्या रंगाचं निघालं. आता डॉट ५.१ घातलंय. नुसतं डॉट ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, जुन्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीला चालत नाही. ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या दाबानं ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आपल्या गाड्यांत ते मागचं डावं. लोड व्हॉल्व्हला वेगळा निपल असेल तर तिथलीही हवा काढून घ्या.

नवे पॅड बसवल्यावर ते बसू द्यावे लागतात. वाई-सुरूर रस्त्यावर पहाटे जाऊन ६० च्या वेगावरून १५ पर्यंत दहा वेळा ब्रेक लावला, पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं ब्रेकला पाय न लावता गाडी चालवून डिस्क गार केली. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथे पॅडचा थर चिकटतो आणि पुढे थरथर सुरू होते.

काम करण्याआधी आणि नंतर वाई एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर टेप लावून मोजलं. ६० वरून शून्यावर येताना पहिल्या ब्रेकला आधी २२ मीटर लागले होते, आता २१. म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही. चाक लॉक होण्याच्या बेताला येऊन एबीएस चालू झालं की पुढे गाडी किती लवकर थांबेल हे टायर ठरवतो, आणि मड टायरची डांबरावरची पकड मुळात बेताचीच. पण लागोपाठच्या दहाव्या ब्रेकला आधी ३१ मीटर लागले होते, आता २२ लागतात. चाळीस हजार मी या नऊ मीटरसाठी दिले आणि मला ते पटतात. घाटात पहिला ब्रेक कुणालाच दगा देत नाही.

अकरा महिन्यांत १४,००० किलोमीटर झाले. आंबेनळी बावीस वेळा उतरले, त्यात दोनदा पूर्ण मालासह भर उन्हात. पेडल एकदाही खाली गेलं नाही. पोलादपुरात थांबून तापमान मोजायची गन लावते. चकचकीत डिस्कवर ती कमी आकडा दाखवते, म्हणून कॅलिपरवर मोजते. सगळ्यात जास्त ११८ अंश दिसलं. गिअर मात्र बदलले. पूर्वी चौथ्यात उतरून ब्रेक मारत यायचे, आता दुसरा-तिसरा. कोरड्या डांबरावर ४x४ लावता येत नाही, ट्रान्सफर केसवर ताण येतो. बागेच्या शेवटच्या जांभ्याच्या उतारावर मात्र फोर-लो (४x४ ची सावकाश रेंज) आणि पहिला गिअर टाकला की पाय ब्रेकवर न्यावाच लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण सुट्या खडीवर एबीएस गाडी लांबच नेतं.

तक्रारीही आहेत. खाचांच्या डिस्कचा गुणगुण आवाज ७० च्या वर ब्रेक लावला की केबिनमध्ये येतो. सेमी-मेटॅलिक पॅडमुळे रिम चार दिवसांत काळ्या होतात. महाबळेश्वरच्या थंडीत सकाळचा पहिला ब्रेक जरा बोथट लागतो. स्टीलच्या होजवर केलेला खर्च मला सगळ्यात कमी पटला. पेडल थोडं टणक झालं, एवढंच. गाडी उचलल्यामुळे लांब होज हवेच होते, ते रबराचे घेतले असते तरी चाललं असतं. एकदा डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये जांभ्याचा खडा अडकून असा कर्कश आवाज आला की बेअरिंग गेलं असंच वाटलं. गाडी दोन फूट मागे घेतल्यावर खडा पडला.

सातव्या महिन्यात स्टिअरिंग थरथरायला लागलं. डिस्क वाकली, बदला, असं एका ठिकाणी सांगितलं. मिस्त्रींनी डायल गेज लावून बघितलं तर डिस्क थोडी तिरकी बसली होती. पंक्चर काढताना हवेच्या गननं नट कसेही आवळले गेले होते. नट सोडून, बैठक साफ करून, टॉर्क पान्यानं मापात आवळले आणि दोनशे किलोमीटरमध्ये थरथर गेली. तेव्हापासून टॉर्क पाना गाडीतच असतो. टायरवाल्या दादांना आधीच सांगते की शेवटचा हात मी मारणार.

मागे डिस्क बसवण्याचा मोह मला झाला होता आणि अजून बरेच जण सुचवतात. मी केलं नाही. हँडब्रेकची वेगळी सोय करावी लागते, लोड व्हॉल्व्हचा सगळा हिशेब बदलतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल अडचणीचे ठरतात. मातीचा प्रश्न मी साफसफाईनं सोडवला. दर ५००० किलोमीटरला, आणि पावसाळ्यात दर महिन्याला, मागचे ड्रम उघडून माती काढायची, ॲडजस्टर फिरतो का बघायचं, पुढच्या कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायचं. आता हे मी स्वतः करते. दोन्ही बाजू मिळून दीड तास लागतो.

पुढचे पॅड अजून निम्मे आहेत. जून लागायच्या आत ऑइल एकदा तपासून घेणार आहे आणि लोखंडी बंपर काढून हलका बसवायचा विचार पक्का झालाय. गेल्या खेपेला आबा परत सोबत होते. प्रतापगड फाट्यानंतरच्या त्या वळणावर मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांना झोप लागली होती.