साड्या एक नंबर, पण प्रश्न मी विचारला तर उत्तर मला द्या की

मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता ह्याच साड्यांच्या दुकानात बांधला. चाटी गल्लीत गाडी लावायचे हाल सगळ्यांना माहितीयेत, लांब कुठंतरी लावून चालत या, उगं दुकानासमोर लावून शिव्या खाऊ नका. माल लई भारी. इरकलमध्ये भरपूर व्हरायटी, टोपपदर नीट, आणि रंग जातोय का विचारल्यावर 'हा लाल जाणार, पहिल्यांदा वेगळा धुवा' असं तोंडावर सांगितलं, ते आवडलं. आहेराच्या साड्या पण बजेटात बसल्या.

आता सर्विस. मी एमएला भाषाविज्ञान घेतलंय, बाया आणि पुरुष बोलतात कसे ह्यावर सध्या वाचन चाललंय, त्यामुळं मावशी साड्या बघत होती आणि मी माणसं ऐकत होते. वरच्या मजल्यावर साड्या दाखवणाऱ्या ताईंना पैकीच्या पैकी. 'हा काठ नवरीला उठून दिसंल ना?' 'हलकीये ना, दिवसभर नेसायला?' प्रत्येक वाक्याला ना. रॉबिन लॅकॉफ ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ च्या पुस्तकात म्हटलं होतं की वाक्याच्या शेवटी असं विचारणं बायकांच्या बोलण्यात जास्त येतं आणि त्यातनं बोलणारीला खात्री नाही असं वाटतं. ह्या ताईंना खात्री नाही?? त्यांचा 'ना' आला की मावशी 'हो की गं' म्हणायची आणि साडी घ्यायच्या ढिगात जायची. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी नंतर खरी बोलणी रेकॉर्ड करून तपासली तर असल्या प्रश्नांची कामं वेगवेगळी निघाली, समोरच्याला बोलतं करायला पण ते वापरतात. म्हणजे नुसतं किती वेळा आलं ते मोजून भागत नाही, कशासाठी आलं ते ऐकावं लागतं.

आणि आमचे काका! घरात त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही, आणि इथं गादीवर बसून 'नाही म्हणजे... जरा डार्क वाटतीय का... तुम्हीच सांगा की ओ ताई'. मला हसू आवरेना. ओबार आणि अॅटकिन्स ह्या दोघांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या कोर्टातल्या साक्षी ऐकून १९८० मध्ये हेच लिहिलंय, असं चाचरत बोलणं हे बाईपणाचं नाहीच, जिथं आपली वट नाही तिथं माणूस तसं बोलतो, पुरुष साक्षीदारसुद्धा, आणि तज्ज्ञ म्हणून साक्षीला आलेली डॉक्टर बाई ठामपणे बोलते. साड्यांपुढं काकांची वट शून्य, ताईंची शंभर टक्के.

तक्रार फक्त खालच्या काउंटरची. 'ह्यात जीएसटी धरलाय का?' मी विचारलं, मालक काकांकडं बघून म्हणाले, 'धरलाय साहेब.' ब्लाउजपीस बदलून मिळंल का विचारायला लागले तर निम्म्यातच तोडून परत 'साहेब, तुम्ही काळजी करू नका'. काकांना ब्लाउजपीस म्हणजे काय हे तरी माहितीये का! पैसे मीच स्कॅन करत होते बरं का. झिमरमन आणि वेस्ट ह्या अमेरिकन संशोधकांनी १९७५ च्या अभ्यासात बाई-पुरुषांची ११ संभाषणं तपासली, त्यात ४८ वेळा मध्ये तोडलं गेलं आणि त्यातले ४६ वेळा पुरुषांनी. संभाषणं फार थोडी, एखादा तोंडाळ गडी निघाला तरी आकडा फुगतो अशी टीका त्यावर झालीय आणि ती मला पटते पण. पण त्या काउंटरवर उभं राहून मला ४६ च खरं वाटलं. हेच मालक पोरांना 'काय बे, बांध की लवकर' करतात आणि मावशीला एकदम 'या ताई, बसा', म्हणजे कुणाशी कसं बोलायचं ते त्यांना चांगलं कळतंय.

पाचपैकी चार, एक काउंटरचा कापला. फॉल-पिको तिथंच करून देतात पण लग्नसराईत वेळ लागतो, आधी द्या. बदलून घ्यायला बिल लागतंच. काही विचारायचं असलं तर वर ताईंनाच विचारून मग खाली उतरा.