सॅम्पल धातूचं, माल प्लॅस्टिकचा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं कंट्रोल पॅनेल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. मी धरून पाच जण. पॅकिंग मशीन, कन्व्हेयर, कटिंग मशीन यांची पॅनेलं आम्ही वायरिंग करून देतो. मागच्या दिवाळीनंतर कनेक्टरच्या मालात मी फसलो. लिहायला इतके दिवस गेले, कारण फसवणारा माणूस दांडिया बाजारातल्या गणपतीत ओळख झालेला, मराठी बोलणारा, आमच्या घरी चहा पिऊन गेलेला. त्याचं नाव इथे घेत नाही. पण माल कसा होता आणि तो कसा ओळखायचा, ते नीट सांगतो. तसाच माल मी त्यानंतर आणखी दोन वर्कशॉपमध्ये बघितला आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर म्हणजे एन्कोडर, आणि मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे ड्राइव्ह. एन्कोडरची केबल ड्राइव्हला लागते तिथे 15 पिनांचा डी-सब कनेक्टर असतो. त्यावरच्या कव्हरला आम्ही हूड म्हणतो. केबलमधल्या तारांभोवती तांब्याची जाळी असते, तेच शील्ड. ही जाळी हूडला सगळीकडून घट्ट टेकली पाहिजे आणि हूड ड्राइव्हच्या धातूच्या बॉडीला टेकला पाहिजे. मग आजूबाजूच्या ड्राइव्हचा जो विजेचा गोंगाट जाळीवर चढतो तो बाहेरच्या बाहेर बॉडीत जातो, आतल्या सिग्नलपर्यंत पोचत नाही. मोटरच्या केबलचंही तेच. तिथे ईएमसी ग्लँड लागते, म्हणजे केबल पत्र्यातून आत घ्यायची धातूची पकड. तिच्या आत स्प्रिंगची कडी असते आणि ती जाळीला गोल पकडते.

त्याने दोन हूड आणि एक ग्लँड सॅम्पल म्हणून आणली. हूड हातात जड लागला. मी कानसीने कोपरा घासला, आत राखाडी जस्त दिसलं, डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं. ग्लँड उघडली, स्प्रिंग जागेवर. मी तोपर्यंत हूड 210 रुपयांना घेत होतो, त्याने 130 सांगितले. "बिल पाहिजे तर 18 टक्के वर लागतील, पण आपल्या आपल्यात बिल कशाला?" असं म्हणाला. खरं तर जीएसटीचे ते 18 टक्के मला इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळाले असते. पण त्या आठवड्यात पगार व्हायचे होते, हातात पैसे कमी होते, आणि मी हो म्हणालो. 250 हूड आणि 145 रुपयांच्या 100 ग्लँड, मिळून 47,000 रुपये. अर्धे यूपीआयने, अर्धे रोख.

माल आला तो दहा-दहाच्या पिशव्यांत. सगळ्यात वरची पिशवी फोडली, दोन हूड काढले, मल्टिमीटर बझरवर (जोड असला की वाजतो) लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तपासले. बझर वाजला. पोरांना म्हटलं, वापरायला घ्या.

पुढच्या दोन महिन्यांत अकरा पॅनेलं बाहेर गेली. पहिला फोन वाघोडियाहून आला. पाउच कापायचं मशीन होतं, लांबी 200 मिलिमीटर लावलेली, पण मधूनच 203 निघायची, मधूनच 198. आम्ही एन्कोडर बदलला. मग केबल बदलली, पण हूड त्याच लॉटमधला लावला. मग ड्राइव्हचं कार्ड. माझा एक मुलगा तिथे तीन दिवस राहिला. एक गोष्ट मात्र त्याने बरोबर हेरली. शेजारच्या कन्व्हेयरचा ड्राइव्ह बंद केला की पाउच तंतोतंत 200ची निघायची. चालू केला की पुन्हा गडबड.

मी त्याच माणसाला फोन केला. तोवर मला त्याच्यावर काडीचाही संशय नव्हता. तो म्हणाला, "साहेब, कनेक्टरचा प्रश्नच नाही. तुमचं अर्थिंग कच्चं आहे, शील्ड जाणार कुठे? माझ्या ओळखीचा माणूस पाठवतो." माणूस आला, मीटर लावला, 6 ओहम दाखवले आणि म्हणाला की शील्डला एक ओहमच्या आतलं अर्थिंग हवं. केमिकल अर्थिंगचा नवा खड्डा, पॅनेलपर्यंत 20 मीटर तार, 38,000 रुपये. गिऱ्हाईक चिडलेलं होतं, म्हणून ते पैसे मी भरले. रीडिंग 0.8 आलं. पाउच 203चीच निघत राहिली.

मग मी मामांना बोलावलं. मामा कोयलीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वर्कशॉपमध्ये आले, स्टुलावर बसले, चहाला नको म्हणाले आणि आधी खड्ड्याची गोष्ट ऐकून घेतली. मग पेन मागितला.

"एक मीटर तारेचा इंडक्टन्स किती धरशील?"

"मायक्रोहेन्रीच्या आसपास."

"म्हणजे 20 मीटरचा 20. ड्राइव्हचा गोंगाट मेगाहर्ट्झमध्ये असतो. एका मेगाहर्ट्झला त्या तारेचे किती ओहम होतात, कर गणित."

मी केलं. सव्वाशे ओहम. खड्डा 6 ओहमचा असो नाहीतर 0.8चा, गोंगाटाला त्या तारेतून तिथवर पोचताच येत नाही. खड्डा लागतो तो माणसाला शॉक बसू नये म्हणून, फॉल्ट झाला तर ब्रेकर पडावा म्हणून, वीज पडली तर तिला वाट मिळावी म्हणून. ते काम मोठं आहे आणि ते हवंच. पण शील्डचा गोंगाट पॅनेलच्या पत्र्यातूनच ड्राइव्हकडे परत फिरला पाहिजे, आणि त्याची वाट कनेक्टरच्या तोंडाशी सुरू होते. मला हे माहीत असायला हवं होतं. फोनवर त्याने अर्थिंग म्हटलं आणि मी त्याच्या मागे धावलो.

मामांनी मग हूड मागितला. हातात घेताच म्हणाले, "हा हलका का रे?" आमच्याकडे छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. सॅम्पलचा हूड ठेवला, 41 ग्रॅम. लॉटमधला ठेवला, 16 ग्रॅम. हॅकसॉ ब्लेडने मधोमध कापला. वर चकचकीत मुलामा, कागदासारखा पातळ, आणि आत राखी रंगाचं प्लॅस्टिक. जिथे जाळीवर पट्टी आवळायचे स्क्रू बसतात तिथला मुलामा स्क्रू आवळतानाच सोलून निघाला होता. म्हणजे जाळी ज्या जागी टेकायला हवी, नेमकी त्याच जागी ती प्लॅस्टिकवर बसली होती.

"पण बझर तर वाजला होता," मी म्हणालो. मामांनी मल्टिमीटर बझरवरून 200 ओहमच्या रेंजवर आणला. सॅम्पलवर 0.2, म्हणजे वायरींचाच रेझिस्टन्स. लॉटमधल्या हूडवर 14, आणि प्रोब जरा दाबला की 9, सैल केला की 20. बहुतेक मीटरचा बझर वीस-तीस ओहमलाही वाजतो. शील्डच्या जोडात इतके ओहम म्हणजे शील्ड नसल्यातच जमा.

ग्लँड पितळेचीच होती, निकेल केलेली. पण लॉटमधल्या शंभरपैकी एकीतही स्प्रिंग नव्हती, साधं रबर होतं. जाळी तिच्यातून पत्र्याला न शिवता आत यायची. आमच्या पोरांनी मग जाळीची वेणी वळली, पिवळी-हिरवी बाही चढवली, टोकाला थिंबल (धातूची टोपी) मारलं आणि सहा सेंटिमीटरवर बोल्टला लावली. दिसायला अगदी नीटनेटकं काम. पण सेंटिमीटरला साधारण 10 नॅनोहेन्री धरले तर 60 होतात, आणि 10 मेगाहर्ट्झला त्याचे जवळजवळ 4 ओहम. शिवाय ज्या पत्र्यावर ग्लँड बसते त्यावर पावडर कोटिंग तसंच होतं. ही चूक त्या माणसाची नव्हे, आमची. कुणी बोललं नाही म्हणून ती वर्षानुवर्षं चालली.

आम्ही 210वाले हूड पुन्हा आणले. जाळी मागे दुमडून पट्टीखाली गोल आवळली. खऱ्या ग्लँड लावल्या, त्यांच्याखालचं कोटिंग चकाकी येईपर्यंत घासलं. दाराला आणि बेस प्लेटला गोल वायरऐवजी रुंद चपटी जाळीची पट्टी दिली, लांबी रुंदीच्या पाचपटीच्या आत. शील्ड दोन्ही टोकांना जोडलं. एकाच टोकाला जोडायची जुनी सवय आहे, पण ती मंद अॅनालॉग सिग्नलपुरती ठीक, ड्राइव्हच्या गोंगाटाला दोन्ही टोकं लागतात. वाघोडियाला कन्व्हेयर पूर्ण वेगात ठेवून दोन तास पाउच मोजल्या. 200. सगळ्या 200.

पैशाचं काय झालं, तेही सांगतो. त्याने आधी फोन घेतला, मग घेणं बंद केलं. रावपुऱ्यातल्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी 1930चा मालविक्री कायदा काढला. कलम 17 सांगतं की सॅम्पल दाखवून विकलेला माल सॅम्पलसारखाच असला पाहिजे. वाचून बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, बिलावर मालाचं वर्णन काय आहे? बिलच नव्हतं. यूपीआयची नोंद फक्त पैसे गेले एवढंच सांगते, कशाचे गेले ते सांगत नाही. व्हॉट्सअॅपवर मी "माल मिळाला, छान आहे" असं लिहून बसलो होतो. कलम 42 प्रमाणे माल बराच काळ न नाकारता ठेवून घेतला तर तो स्वीकारल्यातच धरतात, आणि मी तर दोन महिने तो वापरला होता. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेला माल चालत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण माझ्याकडे चार कामगार म्हणजे तिथेही वाद होणार. 85,000 रुपये गेले, आणि वाघोडियाच्या गिऱ्हाइकाने बिलातून कापले ते वेगळे.

आता आमच्याकडे माल आला की वरची पिशवी आम्ही बाजूला ठेवतो आणि मधली आणि तळातली फोडतो. हूड काट्यावर जातो, मीटर ओहमच्या रेंजवर असतो, लॉटमागे एक हूड कापतो. ग्लँडची प्रत्येक पिशवी उघडून स्प्रिंग बघतो. केबलच्या जाळीला चुंबक लावतो, कारण तांब्याच्या नावाखाली लोखंडाची जाळीही येते आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही. सॅम्पलच्या पुडीवर दोघांच्या सह्या घेतो आणि बिलावर "डाय-कास्ट जस्ताचा हूड, स्प्रिंगसह ईएमसी ग्लँड" असे शब्द लिहून घेतो. हे लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

त्या लॉटची अकरा पॅनेलं जिथे जिथे गेली, त्या सगळ्यांना मी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. दोघे रागावले, बाकीच्यांनी या म्हटलं. नऊ ठिकाणचे हूड आणि ग्लँड बदलून झाले आहेत. उरलेली दोन पॅनेलं हालोलला आहेत, तिथे रविवारी मशीन बंद असतं. येत्या रविवारी मी आणि मामा जाणार आहोत.