के-वन मीडियाचा फिल्टर: क्लाउनफिशच्या टाक्यांवर एक पावसाळा

आमच्या छोट्या हॅचरीत क्लाउनफिशची पिल्लं वाढवायच्या टाक्यांना के-वन मीडियाचा (जिवाणू बसण्यासाठीच्या प्लॅस्टिकच्या कप्पेदार चकत्या) मूव्हिंग बेड फिल्टर, म्हणजे ज्यात या चकत्या हवेवर सतत फिरत राहतात असा फिल्टर, जोडला, त्यावर अख्खा पावसाळा गेला. आधी नुसते स्पंज फिल्टर होते. पिल्लं खाद्यावर तुटून पडायला लागली की स्पंज कमी पडे आणि अमोनियाची टेस्ट पिवळ्याची हिरवी होई, म्हणजे पाण्यात अमोनिया वाढे. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास, वर २८ अंशांची ऊब. अशा पाण्यात अमोनियाचा विषारी भाग पीएच ७च्या गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त, त्यामुळे हलका हिरवा रंगही मला चालत नाही.

नवा मीडिया पांढराशुभ्र असतो आणि वरच तरंगत राहतो. खाऱ्या पाण्यात अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यावर बसायला चार ते आठ आठवडे धराच. तोवर मासे न सोडता जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड घालत राहायचं. हळूहळू चकत्यांच्या आतल्या कप्प्यांत तपकिरी, बुळबुळीत थर धरतो, त्या जड होतात आणि हवेवर गरगर फिरू लागतात. बाहेरची बाजू एकमेकींवर घासून साफ राहते.

पण विष्ठा आणि उरलेलं खाद्य मीडियापर्यंत पोचलं तर सगळं मुसळ केरात. त्यामुळे आधी १०० मायक्रॉनचा सॉक (गाळणीची पिशवी) हवाच, आणि तो रोज सकाळी बदलायचा. कंटाळवाणं काम आहे, तरी माझ्या मते निम्मं यश त्या सॉकचं.

दुसरं, हे जिवाणू अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरण्याची क्षमता) खातात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, सात ग्रॅमच्या वर. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, साठवलेलं पाणी पुरवून वापरायचं म्हणून पाणी बदलणं कमी होतं, आणि पीएच उतरायला लागतो. खाण्याचा सोडा विरघळवून थोडा थोडा दिला की सावरतो. त्या दिवसांतही अमोनियाची टेस्ट पिवळीच राहिली, यासाठी हा फिल्टर मला फार मोलाचा वाटतो. नायट्रेट मात्र साठतंच, ते काढायला शेवटी पाणीच बदलावं लागतं.

ब्लोअर (फिल्टरला हवा देणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्या. हवा थांबली की मीडियातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही.

नुकत्याच फुटलेल्या अळ्यांना मात्र या फिल्टरपासून दूर ठेवा. वाहत्या पाण्यात त्या आणि त्यांचं खाद्य असलेले रोटिफर (अतिसूक्ष्म जीव) दोन्ही ओढले जातात. अंगावर पांढरे पट्टे उमटले की मगच इकडे आणा. आणि घरी एखाददुसरीच टाकी असेल तर स्पंजच बरा, हा खर्च करू नका.