कारची बॅटरी सारखी उतरते म्हणून मी १३,३५० रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

६०० जंपस्टार्टचे, ४,७०० बॅटरीचे, ६,८५० अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो भाग) आणि १,२०० ‘वायरिंग चेकिंग’चे. १३,३५० रुपये, बारा दिवसांत, एकाच मेकॅनिकला, आणि मूळ बिघाड होता तिथेच. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या भावाने पहिलं तेच ऐकवलं, "ताई, तुला करंट कळत नाही?" कळतो रे बाबा. पण सकाळी पावणेसातला आई डोळ्याला पट्टी बांधून पार्किंगमध्ये उभी असताना, नवरा मस्कतला असताना आणि साडेआठची अपॉइंटमेंट असताना तू काय केलं असतंस ते सांग.

मे महिना, कॉलेजला सुट्टी, गाडी तीन दिवस जागची हलली नव्हती. सोमवारी आईची मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची पहिली तपासणी होती, पुण्यात धायरीहून डेक्कनला जायचं होतं, चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट. मोबाईलवर शोधलं, जवळचा मेकॅनिक म्हणून जो पहिला नंबर आला तो लावला. फोनवर २०० म्हणाला, आल्यावर ६००, "सकाळचा चार्ज आहे ताई". दिले. गाडी चालू झाली. इथपर्यंत ठीक होतं, इथेच त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण त्याने मीटर लावला, मीटरचं तोंड स्वतःकडे, आणि म्हणाला बॅटरीतला एक सेल गेलाय, "हॉस्पिटलच्या दारात बंद पडली तर आजींना घेऊन कुठे उभ्या राहणार?" त्या एका वाक्याने माझं डोकं बंद झालं. जंप द्यायला आणलेलीच बॅटरी दाखवून म्हणाला ही नवीकोरी आहे, हीच बसवतो, ५,४०० ची आहे, जुनीचे ७०० वजा, ४,७०० द्या. नव्या बॅटरीच्या टर्मिनलवर प्लास्टिकच्या टोप्या असतात, शिसं चकचकीत असतं. हिच्यावर क्लॅम्पचे ओरखडे होते, मी विचारलंही, तर म्हणे "आत्ता जंप दिला ना तुम्हालाच, त्याचे आहेत". आणि मला ते पटलं.

माझी जुनी बॅटरी दोन वर्षं दोन महिन्यांची होती. वॉरंटी ३६ महिन्यांची. कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये, माझ्यापासून हातभर अंतरावर. ती बॅटरी मी ७०० रुपयांत भंगार म्हणून देऊन टाकली. गाडीच्या इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्सपण होता, त्यात जंपस्टार्ट फुकट, हे मला महिन्याने कळलं. पॉलिसी आत्ता काढून वाचा, गाडी बंद पडल्यावर वाचायला कुणाला वेळ असतो?

आता जे मला रोज रात्री आठवतं ते. गुरुवारी संध्याकाळी नवी बॅटरीसुद्धा उतरली. सोमवारी बसवली, मंगळवार-बुधवार गाडी उभी, गुरुवारी ठार. त्या क्षणाला सगळं उत्तर माझ्या हातात होतं. जुनी बॅटरी तीन दिवस उभी राहून उतरली, नवी पण तीन दिवस उभी राहून उतरली, म्हणजे दोष दोन्ही बॅटऱ्यांत नाही, गाडीत काहीतरी आहे जे बंद असताना करंट खातंय. वर्गात एखाद्या मुलाने एवढं ओळखलं नसतं तर मी त्याला परत मांडणी करायला लावली असती. सुट्टीआधी मी रोज जाऊन-येऊन २२ किलोमीटर गाडी चालवत होते म्हणून रोज खाल्लेलं रोज भरून निघत होतं, सुट्टी लागली आणि पितळ उघडं पडलं, एवढं साधं गणित. ते न करता मी फोन उचलला आणि त्यालाच बोलावलं. कारण वॉरंटी त्याची होती, दुसऱ्याला दाखवली तर हात वर करेल ही भीती. बारा दिवस त्याच्याच मागे का लागले असं विचारणाऱ्यांनी हे समजून घ्या, पहिले ४,७०० अडकले की माणूस त्यांच्याच मागे जातो.

तो आला, इंजिन चालू असताना बॅटरीचा मायनस काढला आणि म्हणाला बघा इंजिन अडखळतंय, अल्टरनेटर गेला. हे कुणाला करू देऊ नका. चालू इंजिनवर टर्मिनल काढलं की व्होल्टेज उसळतं आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, उडू शकतो. अल्टरनेटर बघायचा तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायचा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की तो ठीक आहे. गेला असता तर बहुतेक डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला असता, माझ्याकडे तो एकदाही लागला नव्हता. शुक्रवारी गाडी चार तास घेऊन गेला, अल्टरनेटरमधले रेक्टिफायर आणि कार्बन ब्रश बदलले म्हणाला, पेपरात गुंडाळलेले जुने पार्ट दाखवले. ६,८५० घेतले, ३,००० यूपीआयने आणि बाकीचे कॅश, "मालकाला कॅश लागते". पुढच्या मंगळवारी परत तेच. मग १,२०० घेऊन वायरिंग चेक केलं आणि बीसीएम (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा कॉम्प्युटर) बदलावा लागेल, १८,००० होतील, असं म्हणाला तेव्हा कुठे मी थांबले.

शेजारचे काका मला नाना पेठेत त्यांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन मामांकडे घेऊन गेले. मामांनी काय केलं ते नीट वाचा, कारण बॅटरी का उतरते हे असंच शोधतात. बॉनेट उघडं, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा पण त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवलेलं, म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटतो. किल्ली लांब ठेवलेली. बॅटरीचा मायनस काढून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर, १० अँपिअरच्या रेंजवर. (मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल.) मग अर्धा तास नुसतं थांबले, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, लगेच बघितलं तर आकडा चुकीचाच येतो. अर्ध्या तासाने ०.४२ अँपिअर. चांगल्या गाडीत तो ०.०५ च्या आत असतो. एकेक फ्यूज काढत गेले, रेडिओचा काढला आणि आकडा ०.०३ वर आला.

दिवाळीत बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ. त्याची पिवळी वायर बॅटरीच्या कायम सप्लायला असते आणि लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या सप्लायला. माझ्याकडे दोन्ही एकत्र पिळून पिवळीवरच टेप गुंडाळलेली. किल्ली काढली तरी तो आतून जागाच. ०.४२ गुणिले २४, दिवसाला १० अँपिअर-अवर, माझी बॅटरी ३५ ची. तीन दिवस. लाल वायर जागेवर लावायला वीस मिनिटं लागली, सगळ्याचे मिळून मामांनी ४०० घेतले.

मग त्यांनी टॉर्च मारून अल्टरनेटर दाखवला. बोल्टवर काळपट चिकट थर, वर्षानुवर्षांचा, कुठे पाना लागल्याची खूण नाही. उघडलाच नव्हता. इंजिन चालू केल्यावर १४.२ व्होल्ट. आणि ती ‘नवी’ बॅटरी, तिचं स्टिकर कोपऱ्यातून उचकटलं तर खाली दुसरं स्टिकर, कोरलेला कोड घासून काढलेला. कुणाची तरी जुनी बॅटरी रंगवून मला विकलेली. लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून बघायचा मीटर) लावला तर काटा खाली बसला. शेवटी ४,८५० ची खरी बॅटरी घेतली, जीएसटीचं बिल आणि सिरीयल नंबर ऑनलाइन रजिस्टर करून. मामा म्हणाले तुमची आधीची साधी चार्ज केली असती तरी चालली असती. मी तिथे काही बोलले नाही, गाडीत येऊन रडले.

आणि तक्रार! चौकीत दोन तास बसवलं, मग साहेब म्हणाले "मॅडम, त्याने गाडी चालू करून दिली ना, मग फसवणूक कुठली?" मी डुप्लिकेट बॅटरी म्हटलं तर म्हणाले कंपनीकडून लेखी आणा. कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं हा नंबर आमचा नाही, म्हणजे माल आमचा नाही, म्हणजे आम्ही लेखी देऊ शकत नाही. परत चौकीत, तर म्हणे त्याचं वर्कशॉप दुसऱ्या हद्दीत येतं, तिकडे जा. तिकडे गेले तर पैसे तुमच्या घराखाली दिले ना, तिकडेच जा. सायबरवाले म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर दिला, आणि एक दिवस मेसेज आला की समोरच्याने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद. म्हणजे उत्तर न देणं ही सुटका? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे मला आता पाठ आहे, पण अर्जात समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे एक बंद नंबर. यूपीआयवरचं नाव भलत्याच बाईचं आहे, बँक पत्ता देत नाही. १३,३५० पैकी कागदावर दिसतात फक्त ७,७००, बाकी कॅश. कॅश देऊ नका, बिल नसेल तर पान्यालासुद्धा हात लावू देऊ नका, जुनी बॅटरी द्यायच्या आधी तिच्या नंबरचा फोटो काढा, मीटर तुमच्याकडे तोंड करून धरायला लावा. गाडी चार दिवस उभी राहणार असेल आणि शंका असेल तर १० नंबरचा पाना घेऊन मायनस काढून ठेवा.

त्या माणसाची जाहिरात अजून शोधलं की येते, फक्त दुकानाचं नाव आणि नंबर बदललाय, फोटो तेच. मी दोनदा रिपोर्ट केलं.

डुप्लिकेट बॅटरी बाल्कनीत ठेवली आहे. भंगारवाला ८०० देतो म्हणाला, आई म्हणते देऊन टाक, रोज बघून तुझा बीपी वाढतो. देणार नाही. १७ तारखेला परत चौकीत बोलावलंय, रिक्षात घालून घेऊन जाणार आहे आणि साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.